पुढची जागा पुन्हा मोकळी करा

ट्रेलर ओढण्यावर लिहिल्यापासून बरीच पत्रं आली आहेत. हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा) कुठला घ्यावा, पाण्याची टाकी केवढी असावी, असं विचारणारी काही आहेत. पण निम्म्याहून जास्त पत्रांत एकच काळजी आहे: आम्ही नीट चालवतो हो, पण आजूबाजूला जे बेफाम चालवतात त्यांचं काय करायचं? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे.

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी आम्ही राहण्याचा ट्रेलर घेतला. लांबी आठ मीटर, सामान भरल्यावर वजन २,७०० किलो. पिकअपने ओढतो. महामार्गावर पुढे अंतर ठेवलं की कुणीतरी कट मारून त्यात घुसतं. पुन्हा अंतर ठेवलं की दुसरा घुसतो. असं करत राहिलो तर पोचणार कधी? हल्ली मी अंतर कमीच ठेवतो, म्हणजे कुणाला घुसायला जागाच राहत नाही. चुकतंय का माझं?

उत्तर : हो दादा, चुकतंय. इतकं रोखठोक लिहिते, कारण पहिली दोन वर्षं मीही हेच करत होते.

पिकअप आणि ट्रेलर मिळून तुमचं वजन पाच टनांच्या आसपास जातं. ताशी ९० किलोमीटरला तुम्ही एका सेकंदात २५ मीटर पुढे जाता. समोरचा लाल दिवा डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३७ मीटर संपले. कारवाल्यांना शिकवतात ते दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ५० मीटर. राहिले १३. पुढची छोटी गाडी तुमच्यापेक्षा खूप लवकर थांबते, आणि तो फरक या १३ मीटरांत मावत नाही.

मी कोरड्या रस्त्यावर सहा सेकंद ठेवते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश सहा मोजायचे, तोपर्यंत आपलं बॉनेट त्या खांबाशी येता कामा नये. पाऊस असेल तर त्याहून जास्त.

आता घुसणाऱ्यांबद्दल. एका मुक्कामी मी वहीत हिशेब मांडला होता, तो देते. माझ्यापुढे १५० मीटर मोकळे आहेत. एकजण कट मारून बरोबर मध्ये आला, उरले ७५. मी ब्रेक लावत नाही, फक्त पाय उचलते आणि ९० वरून ८५ वर येते. दर सेकंदाला साधारण १.४ मीटर मागे राहते. ७५ मीटर परत मिळायला एक मिनिटही लागत नाही. आणि या सगळ्यात माझं नुकसान किती? ७५ मीटरांचं, म्हणजे ९० च्या वेगाने तीन सेकंदांचं. दिवसभरात चाळीस जण घुसले तरी १२० सेकंद. दोन मिनिटं, दादा. तो आकडा लिहून बघितला आणि मला फार वाईट वाटलं, कारण या दोन मिनिटांसाठी मी दोन वर्षं घरच्या माणसांना गाडीत बसवून पुढच्याच्या बंपरला चिकटत होते.

तेव्हा कुणी जागा घेतली तर ती पुन्हा करा. पुन्हा घेतली तर पुन्हा करा. तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं साधन तेच आहे.

घुसणारा लगेच ब्रेक मारणार असंही धरूनच चाला. बऱ्याचदा त्याला महामार्गावरून बाहेर पडायचा पुढचा रॅम्प गाठायचा असतो. रॅम्पची पाटी दिसली की मी क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद करते. तीन लेन असतील आणि मागे मोकळं असेल, तर महामार्गावर चढणाऱ्या रॅम्पच्या बरंच आधी मधल्या लेनमध्ये सरकते आणि रॅम्प गेला की परत येते. ऐनवेळी सरकू नका. तेव्हा नुसता पाय उचलून चढणाऱ्याला आपल्यापुढे येऊ देणं कितीतरी सोपं.

आणि वेळ भरून काढायला वेग वाढवू नका. ९० वरून ११० वर गेलात तर वेग पाचव्या हिश्श्याने वाढल्यासारखा वाटतो, पण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती जवळजवळ दीडपट होते. ट्रेलरचे खास टायर येतात, त्यांतल्या बऱ्याच टायरांची मर्यादा वेगळी छापलेली नसेल तर ताशी १०५ किलोमीटर धरली जाते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. जर्मनीच्या ऑटोबानवर ८० ची आहे, वेगळी परवानगी काढली तर १०० ची. ब्रिटनमध्ये तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ट्रेलरवाल्याला सगळ्यात वेगवान लेनमध्ये जायलाच बंदी आहे. हे नियम उगाच झालेले नाहीत.

प्रश्न : मोठी बस किंवा ट्रक जोरात ओव्हरटेक करून गेला की आमचा ट्रेलर झुलतो. मागच्या आठवड्यात तर एवढा झुलला की मुलं रडायला लागली. मी घाबरून ब्रेक मारला, तर आणखीच वाढलं. अशा वेळी नक्की काय करावं?

उत्तर : मुलं आणि तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. माझ्यावर ही वेळ आली होती तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. उतार होता. एक व्हॅन मागून सुसाट आली, कट मारला आणि माझ्यासमोर ब्रेक लावला. मी स्टिअरिंग थोडं वळवलं, अगदी थोडंसं. त्यानंतर डाव्या आरशात ट्रेलरची खिडकी दिसली, जी तिथे कधीच दिसत नाही. मग ती गेली आणि उजव्या आरशात दुसऱ्या बाजूची खिडकी आली. डावी, उजवी, डावी. दर खेपेला जास्त. पिकअपचं मागचं अंग कुणीतरी धरून हलवतंय असं सीटमधून कळत होतं.

मी तेव्हा जे केलं तेच तुम्ही करा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. पायाचा ब्रेक जोरात दाबू नका. स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, झोक्याच्या उलट वळवायला जाऊ नका, कारण आपलं वळवणं नेहमी अर्ध्या झोक्याने उशिरा पडतं आणि झोका वाढतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डजवळच्या ब्रेक कंट्रोलरवर हाताने चालवायची छोटी दांडी असते. ती हळूहळू सरकवा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो. गाडी मंदावल्यावर आपोआप लागणारे ब्रेक ज्या कॅरॅव्हॅनला असतात, तिथे ही दांडी नसते. तिथे पाय काढून स्टिअरिंग स्थिर ठेवायचं, एवढंच हातात असतं.

ती दांडी न बघता सापडली पाहिजे. मी दर सकाळी निघताना, गाडी जेमतेम चालू लागल्यावर, ती एकदा सरकवून बघते. ट्रेलर मागून धरल्यासारखा वाटला की ब्रेक चालू आहेत हे कळतं, आणि अंगठ्यालाही वाट माहीत राहते. त्या उतारावर माझा अंगठा माझ्याआधी तिथे पोचला होता.

पण झोका त्या व्हॅनमुळे सुरू झाला, वाढला मात्र माझ्यामुळे. नंतर थांबून बघितलं तर मागची पाण्याची टाकी भरलेली, १५० लिटर म्हणजे १५० किलो. मागच्या कपाटात अवजारांची पेटी. त्याच्याही मागे सायकलींचा स्टँड. पुढे हिचवर येणारं वजन मोजून घेतलं तर १९० किलो भरलं. माझा ट्रेलरही तुमच्यासारखाच २,७०० किलोच्या आसपासचा. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर हवं, म्हणजे २७० ते ४०५ किलो. माझं जेमतेम सात टक्के होतं. (युरोपी पद्धतीच्या हलक्या कॅरॅव्हॅनला ५ ते ७ टक्के चालतं, आपल्या ट्रेलरचं पुस्तक आणि हिचवर लिहिलेली मर्यादा बघा.) अवजारं पुढे आणली, टाकी मुक्कामाजवळ भरायला लागले, सायकली काढल्या. तोच रस्ता, तशाच बसेस, आणि ट्रेलर जवळजवळ गप्प.

बस जाताना होतं ते असं: तिच्या तोंडापुढे दाबली गेलेली हवा आधी ट्रेलरचं मागचं टोक बाहेर ढकलते आणि बस पुढे सरकली की ट्रेलर तिच्याकडे ओढला गेल्यासारखा वाटतो. म्हणून दर काही सेकंदांनी आरसे बघा. मोठं वाहन मागून येताना दिसलं की आपल्याच लेनमध्ये हातभर दूर सरका, पाय थोडा हलका करा आणि ते जाईपर्यंत स्टिअरिंग हलवू नका. येणार हे माहीत असलं की धक्का अर्धा वाटतो. झुलणं अडवणारा हिचही मिळतो आणि तो घ्यावाच, पण आधी वजन नीट लावा.

प्रश्न : आमचे हे एरवी शांत आहेत. पण ट्रेलर जोडला आणि कुणी कट मारला की भडकतात. हॉर्न दाबून धरतात, डिपर मारतात, एकदा तर मागे लागले. मी काही बोलले की माझ्यावर चिडतात. मला प्रवासाचीच भीती वाटायला लागली आहे.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ही भीती अगदी रास्त आहे, मनावर घेऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही.

त्यांच्या रागाच्या मुळाशी बहुतेक धसकाच असतो. मागे पोरंबाळं, संसार आणि हा परका माणूस समोर येऊन ब्रेक मारतो. पण पाच टन घेऊन कुणाच्या मागे लागणं म्हणजे ज्यांच्यासाठी राग आला त्यांनाच धोक्यात घालणं. हे त्या क्षणी सांगू नका, घरी चहा पिताना सांगा. मघाचा दोन मिनिटांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा, मोजून बघा म्हणावं.

आमच्या गाडीत एक रीत आहे. कुणी घुसला की चालवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "दिली जागा." मी म्हणते, आमचे हे चालवत असले तर ते म्हणतात. बोलताना आपसूक पाय उचलला जातो, आणि शेजारच्यालाही कळतं की याने बघितलं आहे, ओरडायची गरज नाही.

समोरचाच भांडायला उठला, तर त्याच्याकडे बघू नका, हातवारे करू नका, कडेला थांबू नका. काचा वर, दारं बंद. वर्दळीच्या, उजेडाच्या जागी किंवा थेट पोलीस ठाण्यापर्यंत गाडी चालवत राहा. फोन तुम्ही करायचा, त्यांनी फक्त चालवायचं. पुढे आणि मागे कॅमेरा बसवून घ्या, म्हणजे गाडीचा नंबर लक्षात ठेवायच्या नादात कुणी रस्त्यावरून नजर काढणार नाही.

आणि एकदा तुम्ही चालवा. रिकाम्या मैदानात आधी शिका, मग मोकळ्या रस्त्यावर. शेजारी बसून त्यांना जे दिसेल, ते सांगून दिसायचं नाही.

प्रश्न : दुपदरी घाटरस्त्यावर मागचा अगदी चिकटून येतो आणि मग वळणावरच ओव्हरटेक करायला बघतो. त्याला कसं थांबवू?

उत्तर : थांबवू नका, जाऊ द्या. ट्रेलरमागून त्याला पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे तो अंदाजाने बाहेर काढतो. त्याला धडा म्हणून ब्रेक दाखवू नका. तो ट्रेलरवर आदळला तर मार तुमच्याच माणसांना बसतो. सरळ रस्ता आला की थोडे मंद व्हा. "जा पुढे" म्हणून इंडिकेटर मात्र देऊ नका, समोरून काय येतंय याची हमी तुम्ही घ्यायची नाही. समोरून कुणी येत असताना त्याने गाडी बाहेर काढलीच, तर लगेच पाय उचला आणि त्याला आत शिरायला जागा करा. त्या घाईत साइडपट्टीवर उतरू नका. डांबराची कड उंच असेल तर ट्रेलरचं चाक खाली पडतं आणि वर चढताना सगळं उलटंपालटं होतं.

मागे रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला व्हा, पण परत बाहेर पडता येईल अशीच जागा. कॅलिफोर्नियात मागे पाच किंवा जास्त गाड्या अडकल्या तर हळू वाहनाने सुरक्षित जागी बाजूला होणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मी पाचांची वाट बघत नाही, दोन झाल्या तरी थांबते.

प्रश्न : चौकात वळताना आतल्या बाजूने दुचाकी आणि छोट्या गाड्या घुसतात. उपाय?

उत्तर : ट्रेलरची चाकं तुमच्या चाकांच्या आतून वळतात, त्यामुळे आपण थोडं बाहेरून वळसा घेतो, आणि लोकांना वाटतं की आतली जागा आपल्यासाठीच आहे. इंडिकेटर लवकर द्या, आतली बाजू आधीपासून शक्य तेवढी धरून ठेवा आणि वळताना नजर आतल्या आरशात ठेवा. कुणी घुसलाच तर थांबा. मागचे हॉर्न वाजवू देत.

प्रश्न : ट्रेलरच्या दांड्यापासून एक बारीक केबल येते, ती मी सेफ्टी चेनच्याच हुकात अडकवतो. चालेल ना?

उत्तर : नाही, आजच बदला. कुणी मागून ठोकलं किंवा कपलर (ट्रेलरचं हिचवर बसणारं तोंड) निसटलं आणि ट्रेलर सुटला, तर ती केबल पिन ओढते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. चेनच्या हुकात असेल तर हुकाबरोबर तीही निघून जाईल. ती गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवा; वळताना ताणली जाणार नाही एवढी सैल, पण रस्त्यावर घासणार नाही एवढी वर. चेन दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे दांडा सुटला तरी त्यांच्या झोळीत पडतो. आणि हात तिथे गेलाच आहे तर केबल दोन बोटांत धरून शेवटपर्यंत फिरवा. कुठे तार उसवलेली टोचली, तर नवी बसवल्याशिवाय निघू नका.