सुट्टी पाच आठवड्यांची, कामं वर्षभराची
(तुमचे प्रश्न, आमची उत्तरं)

परदेशात मिशनची सेवा करणारी माणसं मधूनमधून घरी येतात, त्या सुट्टीला मिशनच्या भाषेत 'फर्लो' म्हणतात. कोल्हापुरात हा शब्द काढला की आधी कळंबा जेल आठवतं (कैद्यांची रजाही 'फर्लो'च), तो भाग वेगळा. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी इथं मिशन सुरू केलं, तेव्हा फर्लोवर जाणारे अमेरिकन असत. आता इथलीच माणसं परदेशात सेवेला जातात आणि फर्लोवर कोल्हापूरला येतात. या वेळची पत्रं त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची.

माझा मुलगा युगांडातल्या मिशन हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. साडेतीन वर्षांनी पाच आठवड्यांसाठी येतोय. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हरवलंय म्हणतो. विमानतळावर अडवतील का? आणि आल्यावर कोणत्या तपासण्या करायच्या?
– एक आई, नागाळा पार्क

अडवतील. युगांडा पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध कार्ड नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं. पाच आठवड्यांतला पहिला आठवडा असा जाऊ द्यायचा नसेल, तर लस जिथं घेतली त्या केंद्राकडे आजच दुसरी प्रत मागा. नोंद सापडली नाही तर त्यानं तिकडंच पुन्हा लस घ्यावी, पण निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. कार्ड लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. जुनं कार्ड सापडलं आणि त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नका, जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मोबाइलमधल्या फोटोवर मात्र भिस्त नको. परत जाताना युगांडातही हेच कार्ड दाखवावं लागेल.

आता तब्येत. ताई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तो आल्यापासून तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'हा आफ्रिकेतून आलाय' असं सांगा. नाहीतर इथं डेंग्यू, चिकुनगुनियाच्या तपासण्या आधी होतात आणि फाल्सिपेरम मलेरियाला (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) तेवढा उशीर परवडत नाही. रक्ताची पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, बारा ते चोवीस तासांच्या अंतरानं आणखी दोनदा करा. अनेक वर्षं तिकडं राहिलेल्यांना 'आपल्याला आता होत नाही' असं वाटू लागतं. अंगात जी थोडी प्रतिकारशक्ती तयार होते ती अर्धवट असते आणि दूर राहिलं की ओसरते. मलेरिया टाळण्यासाठी तो डॉक्सिसायक्लिनची गोळी घेत असेल, तर आफ्रिका सोडल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. मुक्काम पाचच आठवड्यांचा आहे आणि परत जाण्याच्या एक-दोन दिवस आधी ती पुन्हा सुरू करायचीच आहे. तेव्हा मध्ये खंड न पाडणंच सोपं, तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

तो व्हिक्टोरिया किंवा दुसऱ्या एखाद्या तळ्यात पोहला असेल, तर बिल्हार्झियाची तपासणी हवी. हा परजीवी तळ्यातल्या गोगलगायींमधून पाण्यात येतो आणि कातडीतून शरीरात शिरतो. आपल्याकडं तो जवळजवळ नाहीच (रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात सापडला होता, एवढाच काय तो अपवाद), त्यामुळं डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं. पाण्याशी शेवटचा संबंध येऊन दोन-तीन महिने झाल्याशिवाय रक्ततपासणीचा भरवसा धरू नये. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले दिसले तर तो इशारा समजा. लॅबमध्ये काम आहे, म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीही तपासा. हे सगळं पहिल्याच आठवड्यात उरका. पाहुण्यांचं जेवण चौथ्या आठवड्यात ठेवलं तरी चालतं, पण तेव्हा दिलेल्या रक्ताच्या रिपोर्टवर उपचार करायला वेळ उरत नाही.

मी टांझानियात चार वर्षं आहे. इथलं सेव्हिंग खातं तसंच चालू आहे, त्यात उसाचं बिल जमा होतं. तिकडच्या चर्चनं आमच्या गावच्या शाळेसाठी ५०० डॉलर द्यायचं ठरवलंय. सोबत घेऊन येऊ का?
– एक वाचक, गडहिंग्लज तालुका

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवणं नियमात बसत नाही. ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या. उसाचं बिल, घरभाडं अशी इथली कमाई त्यातच येते. तिकडून आणलेल्या पैशासाठी अनिवासी भारतीयांचं वेगळं एनआरई खातं उघडा. त्यावरचं व्याज करमुक्त असतं आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. उसाचं बिल एनआरईत टाकता येत नाही, इथंच बहुतेकांची गफलत होते. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. कापलेला जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. जमीन वारशानं आलेली असेल तर ठेवता येते, पण नवी शेतजमीन आता विकत घेता येणार नाही.

कराच्या दिवसांची काळजी नको. भेटीला आलेला भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवस इथं राहिला तर करासाठी निवासी ठरतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र १२० दिवस. तुमचे होतात पस्तीस. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजून ठेवा.

५०० डॉलर आणू नका. परदेशी चर्चचा पैसा शाळा चालवणाऱ्या संस्थेनं घेणं ही परदेशी देणगी ठरते. त्यासाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. तुमच्या खिशातून आले तरी ते चर्चचेच पैसे. तुमच्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र यात येत नाही. म्हणजे मन मोठं करायचं तर स्वतःच्या पैशानं करा.

आमचं बाळ केनियात जन्मलं, दहा महिन्यांचं आहे. पासपोर्ट कोल्हापुरात आल्यावर काढला तर चालेल का?
– एक दांपत्य, कसबा बावडा

नाही, पासपोर्टशिवाय ते विमानात चढणारच नाही. आणि त्याहून घाईचं काम दुसरंच आहे. जन्माची नोंद नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगात एक वर्षाच्या आत झाली पाहिजे, नागरिकत्व त्यावरच अवलंबून आहे. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमच्या हातात दोन महिने आहेत. पिवळ्या तापाची लस नऊ महिन्यांनंतर देतात, तीही आता घेता येईल.

घरी असताना पासपोर्ट, लायसन्स आणि भावाच्या नावे मुखत्यारपत्र, तिन्ही कामं होतील का?
– शाहूपुरीतून

मुखत्यारपत्र सगळ्यात आधी. इथं असताना दुय्यम निबंधकापुढं सही केली की काम एका दिवसाचं. परदेशातून पाठवलं तर तिथल्या भारतीय वकिलातीची साक्षांकित मोहोर लागते आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत टळली की भाऊ हेलपाटे घालत बसतो. 'सर्व व्यवहार' असं मोघम लिहू नका. गट नंबर, वारसनोंद, पीककर्ज, उसाची नोंद असं एकेक लिहा. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तसंही स्पष्ट लिहा.

पासपोर्ट इथल्या पोस्टातल्या सेवा केंद्रात होतो, पण पोलिस पडताळणी रेंगाळली तर परतीचं विमान चुकेल. मुदत संपायच्या वर्षभर आधी तिकडच्या वकिलातीतच नवा काढा. तिकडं राहण्याचं-कामाचं परमिट जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही सोबत ठेवा. निघण्यापूर्वी परमिटवर मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघा. सिंगल असेल तर देश सोडताच ते संपतं आणि दुरुस्तीसाठी दिल्ली गाठावी लागते. लायसन्सचं नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं. गाडी चालवण्याचं आंतरराष्ट्रीय परमिटही त्याच फेरीत आरटीओतून घ्या, ते एक वर्ष चालतं.

परतीचं तिकीट जुलैअखेरचं आहे, मुंबईहून. आदल्या रात्रीच्या बसनं निघालो तर?
– राजारामपुरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. दोन दिवस आधी मुंबई गाठा.

कांदा-लसूण चटणी, गूळ आणि खोबरं नेता येईल का?
– उचगाव

चटणी आणि गूळ चेक-इन बॅगेत चालतात. चटणीला तेल सुटतं, म्हणून दुहेरी पिशवीत भरून डब्यात ठेवा आणि डबा कपड्यांत गुंडाळा. केबिन बॅगेत ठेवली तर लोणच्याबरोबर तीही काढून घेतील. गुळाची ढेप स्कॅनरवर घट्ट ठोकळ्यासारखी दिसते, बॅग उघडायला लावू शकतात, म्हणून फोडून न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्ये घेत नाहीत. त्यातल्या तेलामुळं त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.