वंश आणि विविधतेवरच्या विद्यापीठीय कोर्समधून खरंच संवाद होतो, की तीही नुसती व्याख्यानंच?

होतो, पण कोर्स कसा बांधलाय त्यावर सगळं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९८८ मध्ये, कॅम्पसवर वंशावरून तणाव असताना, ‘इंटरग्रुप डायलॉग’, म्हणजे वेगवेगळ्या गटांतल्या संवादाचा कोर्स, सुरू केला. त्याला क्रेडिट मिळतात. गट लहान असतो, साधारण डझनभर विद्यार्थ्यांचा, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचे निम्मे-निम्मे, उदाहरणार्थ गोरे आणि कृष्णवर्णीय. चर्चा प्राध्यापक नाही, तर प्रशिक्षण घेतलेले दोन विद्यार्थी चालवतात, दोन्ही गटांतून एकेक.

त्यातला मला सगळ्यात आवडतो तो ‘फिशबोल’ हा प्रकार. एक गट आत गोल करून बसतो नि आपसात बोलतो. दुसरा बाहेरच्या गोलात बसून फक्त ऐकतो. मध्ये तोंड घालायचं नाही. मग जागांची अदलाबदल. ‘पण आमचा तसा हेतू नव्हता’ हे ओठांवर आलेलं वाक्य गिळावं लागतं, तिथेच माणूस ऐकायला लागतो.

पहिल्याच दिवशी वादाचा विषय काढत नाहीत. आधी ओळख, मग स्वतःचे अनुभव, तापलेले मुद्दे नंतर. एका दुपारच्या सक्तीच्या कार्यशाळेत हे जमत नाही. तिथे लोक हजेरी लावून निघतात. कोर्स निवडताना आधी गट किती जणांचा आणि किती आठवड्यांचा, एवढं विचारा.