प्रोफायलर लावला की प्रोग्राम मान टाकतो

प्रश्न (गुहागर): घरून काम करतो. पायथनच्या सीप्रोफाइलला (प्रोग्रामचा कुठला भाग किती वेळ खातो ते मोजणारा प्रोफायलर) वेळ मोजायला माझं स्वतःचं फंक्शन दिलंय. जुने आकडे पुसावेत म्हणून त्यातच 'क्लिअर' बोलावलं, तर थेट सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला म्हणून प्रोग्राम बंद! एररचा एक शब्द नाही. चूक कोणाची?

उत्तर: घड्याळाला, म्हणजे वेळ सांगणाऱ्या तुमच्या फंक्शनला, आकडे पुसायचं काम सांगितलंत, ही तुमची. पण त्यावर एरर न देता कोसळणं, ही पायथनची.

सीप्रोफाइलचा गाभा सी भाषेत आहे. फंक्शन सुरू झालं की तो मेमरीत एक नोंद मांडतो आणि तिच्यात सुरुवातीची वेळ भरायला तुमचं घड्याळ बोलावतो. नेमकं तेव्हाच घड्याळ 'क्लिअर' म्हणतं आणि ती नोंद मोकळी होते. परत आलेला सी कोड त्याच जागी वेळ लिहायला जातो. पॉइंटर (नोंदीचा मेमरीतला पत्ता) नल, म्हणजे रिकामा, आहे का हे तपासूनही फायदा नाही, कारण तो नल नसतोच. पत्ता जुनाच, घर मात्र पाडलेलं.

ही चूक २०२४ मध्ये दुरुस्त झाली, तीही फार सरळ रीतीने: घड्याळाच्या आतून 'क्लिअर' किंवा (मोजणी थांबवणारं) 'डिसेबल' बोलावलं तर आता रनटाइम एरर मिळते. मला ही दुरुस्ती आवडते. ती नोंद जपायच्या कसरतीपेक्षा 'हे इथे करू नका' म्हणणं बरं. तुमचं व्हर्जन जुनं असेल तर अपडेट करा आणि आकडे मोजणी थांबवल्यावर पुसा. पुढच्या वेळी असं काही झालं तर फॉल्टहँडलर चालू ठेवा. ३.३ पासून तो पायथनसोबतच येतो आणि कोसळण्याआधी निदान ओळ क्रमांक तरी छापतो.

प्रश्न (मालवण, विद्यार्थी): प्रोजेक्टसाठी सी मध्ये सॅम्पलिंग प्रोफायलर (प्रोग्राम कुठे आहे ते अधूनमधून टिपणारा) लिहिला. सिग्नल आला की स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची रांग) वाचून यादीत टाकतो. कधी तासभर चालतो, कधी मिनिटात अडकतो नाहीतर कोसळतो.

उत्तर: यादी वाढवायला हँडलरमध्येच (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) बोलावतोस ना? तिथेच घोळ आहे. सिग्नल कधीही येतो, मुख्य प्रोग्राम स्वतः मॅलॉकच्या मध्यात असतानाही, आणि तेव्हा मॅलॉकचा हिशेब अर्धवट असतो. तुझ्याकडे रापण ओढताना पाहिली असशील. जाळं अर्धं पाण्यात असताना कोणी आत शिरून मासळी मोजत नाही. आधी किनाऱ्याला लागू दे, मग वाटे. हँडलरने आधीच राखून ठेवलेल्या बफरमध्ये फक्त पत्ते टिपावेत. नावं शोधणं, जुळवणं, छापणं बाहेर. प्रिंटएफसुद्धा आत नको. डीबगसाठी घातलेल्या त्या एका ओळीने माझी एक अख्खी रात्र खाल्ली आहे.

प्रश्न (चिपळूण): पायथन ३.१२ वर गेल्यापासून दुसरा प्रोफायलर सुरू केला की व्हॅल्यू एरर येते. बग आहे का?

उत्तर: नाही. एका वेळी एकच सीप्रोफाइल चालेल, असं ते बजावतंय. पहिला बंद करा.