एकतीस टक्क्यांची धास्ती

थिसीस सबमिट करायची तारीख जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, मी कुठून काही चोरलेलं नाही, तरी प्लेजरिझमच्या रिपोर्टात एवढे टक्के आलेत. आता रजिस्ट्रेशन रद्द होणार का?’ प्लेजरिझम म्हणजे दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देणं; आपला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती टक्के जुळतो, हे सॉफ्टवेअर सांगतं तो हा रिपोर्ट. विचारणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले, नोकरी आणि घर सांभाळून पीएचडी करणारे. झोप उडालेली, घरात चिडचिड, आणि फाइल उघडली की छातीत धडधड. नुसता टक्का बघून कुणाचं रजिस्ट्रेशन जात नाही, एवढं मी पहिल्याच भेटीत सांगते. पण तेवढ्याने कुणाला झोप लागलेली मी पाहिली नाही. म्हणून एक केस जरा सविस्तर लिहिते. त्या बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई उपनगरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतात. प्रबंध इंग्रजीत, विषय मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी चालवणाऱ्या बायका. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एका खोलीत दाटीवाटीने, पाळ्या लावून झोपायचे आणि जेवायला चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगार थांबला तसे खाणावळींना मिळणारे महिन्याचे पैसेही थांबले. त्या बायकांनी पुढे काय केलं, हा यांचा शोध. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती त्यांनी स्वतः जाऊन घेतल्या होत्या. मूळ प्रश्न बाजूला ठेवून तेच ऐकत बसावं असं मला वाटलं, हेही सांगून टाकते.

त्या आल्या त्या हातात प्लास्टिकचं फोल्डर घेऊन. आत रिपोर्टाची प्रिंट, पहिल्या पानावर ३१ टक्के, त्याभोवती लाल पेनाने गोल केलेला. तो गोल त्यांनीच केला होता. आतली पानं त्यांनी उलटलेली नव्हती. मला हे नेहमी दिसतं. आकडा बघितला की माणूस फाइल मिटतो. आत काय आहे ते बघण्यापेक्षा तोच आकडा पुन्हा काढून बघणं सोपं वाटतं.

तसंच चाललं होतं. रात्री मुलगा झोपला की त्या हजार-हजार शब्दांचे तुकडे करून फुकटच्या साइटवर टाकायच्या. एक साइट १२ टक्के सांगायची, दुसरी ४०. १२ दिसले की तासभर बरं वाटायचं, मग वाटायचं ही साइटच खोटी असेल, आणि पुन्हा तपासणी. गॅस बंद केला का ते दहादा बघणाऱ्या माणसाचं जे होतं तेच इथे होतं: प्रत्येक तपासणीने थोडा वेळ आराम पडतो आणि पुढच्या तपासणीची गरज वाढते. त्यात आकडे वेगवेगळे येणं साहजिक होतं. फुकटच्या साइट बहुतेक इंटरनेटवरची उघडी पानंच बघतात. विद्यापीठाकडचं सॉफ्टवेअर नियतकालिकं आणि पूर्वी जमा झालेले प्रबंधही बघतं. टोपली वेगळी, म्हणून जुळणारं सापडतं तेही वेगळं.

कहर पुढे झाला. मावसभावाने कुणाच्या तरी लॉगिनवरून आख्खा प्रबंध एका चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. ३१ टक्के तिथले. त्यांनी चार वाक्यं बदलून तो पुन्हा टाकायला सांगितला, तर आले ९४. त्या रात्री त्या खरोखर आजारी पडल्या. झालं होतं एवढंच, की पहिल्या वेळी ‘साठवू नका’ हा पर्याय कुणी निवडला नव्हता, प्रबंध त्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात गेला आणि दुसऱ्या वेळी तो स्वतःशीच जुळला. लायब्ररीतल्या माणसाला हे दिसलं की तो एवढा स्रोत वगळू शकतो, साठवलेली प्रत काढून टाकण्याची विनंतीही करता येते. पण ज्याचा प्रबंध आहे त्याला हे रात्री दोन वाजता कोण सांगणार? उसन्या लॉगिनवर प्रबंध टाकू नये तो यासाठी.

मी त्यांना म्हटलं, ‘आज आपण ३१ चे तुकडे करू.’ रिपोर्टात जुळलेला मजकूर रंगवलेला असतो आणि बाजूला स्रोताचा नंबर असतो. मी पेन्सिल दिली आणि प्रत्येक रंगवलेल्या ओळीपुढे एक अक्षर लिहायला सांगितलं. संदर्भसूचीतली असेल तर ‘सं’, अवतरणचिन्हात आणि स्रोतासह असेल तर ‘अ’, स्वतःच्या छापून आलेल्या लेखातली असेल तर ‘स्व’, कुणीही लिहील अशी असेल तर ‘सा’. यातलं काहीच नसेल तर फुली.

पहिल्या काही पानांवर हात थरथरत होता. मग वेग आला. संदर्भसूची आख्खी रंगली होती, कारण ती वगळायची सेटिंग कुणी लावलीच नव्हती. तिचेच आठेक टक्के. अवतरणांचे चार. ‘दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले’ या अर्थाचं वाक्य चार ठिकाणांशी जुळत होतं. ते दुसरं कसं लिहिणार? असल्या वाक्यांचे तीन. सर्वांत मोठा वाटा, अकरा टक्के, त्यांच्या स्वतःच्याच दोन शोधनिबंधांचा निघाला. त्यांनी रजिस्ट्रेशन केलं तेव्हाच्या, २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी निदान एक निबंध छापून येणं सक्तीचं होतं, तो प्रबंधातूनच बेतलेला असतो, आणि मग तोच प्रबंधाशी जुळतो! निबंध आधी छापून आला आहे हे त्या त्या प्रकरणात सांगायचं आणि गाईडचं पत्र जोडायचं, ही साधारण रीत आहे. आपल्या विभागात काय चालतं ते गाईडलाच विचारावं लागतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, प्लेजरिझमबद्दलचे २०१८ चे नियम मी टेबलावरच ठेवते, कारण लोकांनी त्यांबद्दल फक्त ऐकलेलं असतं. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. ही शेवटची ओळ सगळ्यांना पाठ असते. त्याआधीचं कलम कुणाला माहीत नसतं: स्रोत देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाण सूत्रं हे सगळं मोजणीतून वगळायचं आहे. सर्वांना माहीत असलेल्या किंवा योगायोगाने जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांपर्यंतच्या मजकुरालाही सूट आहे. शिवाय निर्णय यंत्र देत नाही. तक्रार झाली तर विभागाची आणि संस्थेची समिती बघते, तुमचं म्हणणं ऐकून घेते. मात्र सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हा गाभा तुमचाच असला पाहिजे. तिथे दहा टक्केही चालतात असं समजून कुणी राहू नये.

उरल्या फुल्या. पाचेक टक्के, बहुतेक दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात. त्या पानांवर बाई गप्प झाल्या. वाक्यं दुसऱ्याची, दोन-चार शब्द बदललेले, शेवटी कंसात लेखकाचं नाव. ‘नाव तर दिलंय ना मॅडम?’ नाव दिलं म्हणजे विचार कुणाचा ते कळलं. वाक्यही त्यांचंच आहे हे वाचणाऱ्याला कसं कळणार? याचं मूळ वह्यांत सापडलं. पाच-सहा वर्षांपूर्वी, कधी दादरच्या ग्रंथसंग्रहालयात, कधी लोकलमध्ये बसून त्यांनी टिपणं काढली होती. स्वतःचं कुठलं, उतरवलेलं कुठलं, याची खूण कुठेच नव्हती. फसवायचा हेतू शोधूनही सापडला नसता. पण दुरुस्ती तर करायलाच हवी होती.

मावसभावाचा सल्ला तयार होता. स्टेशनाजवळ टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानांत ‘प्लेजरिझम रिमूव्हल’ची पाटी असते, पानामागे दर. त्यांनी नमुन्याला दोन पानं करूनही घेतली होती. टक्का खरंच उतरला होता. मी ती पानं वाचली. ‘टेक्स्टाईल स्ट्राइक’चं झालं होतं ‘फॅब्रिक हिट’. स्ट्राइकला हिट हा प्रतिशब्द एखाद्या कोशात असेलही, पण गिरणी कामगारांच्या संपाला कापडाचा फटका म्हणणारा प्रबंध परीक्षकाच्या हातात द्यायचा? शास्त्रीय नियतकालिकांत अशाच वेड्यावाकड्या शब्दप्रयोगांवरून संशोधक आता बनावट लेख हुडकतात. अक्षरांच्या जागी दिसायला तशीच परकी अक्षरं घुसवणं, पांढऱ्या रंगात मजकूर लपवणं, हेही प्रकार चालतात, आणि चांगलं सॉफ्टवेअर ते वेगळे दाखवून देतं. साधा निष्काळजीपणा होता तिथे मग हेतू सिद्ध होतो. मी सहसा कुणाला ‘हे करू नका’ असं थेट सांगत नाही. इथे सांगितलं.

त्यानंतरच्या भेटीत मी विचारलं, फुल्या कळल्या, त्या दुरुस्त होतील असं तुम्हालाही पटलंय, मग झोप अजून का नाही? बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, ‘एक गोष्ट रिपोर्टात नाहीच आहे.’

कामगारांच्या एका जुन्या मराठी स्मरणिकेतली दोन पानं त्यांनी इंग्रजीत भाषांतर करून चौथ्या प्रकरणात घातली होती. स्रोत न देता. मराठीतून इंग्रजीत गेलेला मजकूर, तोही कधी इंटरनेटवर न आलेला, यंत्राला दिसला नव्हता. रिपोर्टात ती दोन पानं अगदी स्वच्छ पांढरी होती. रात्री दोन वाजता तपासणी का थांबत नव्हती, ते मला तेव्हा कळलं. यंत्राने ती पानं पकडावीत याची बाई वाट बघत होत्या, आणि पकडेल म्हणून घाबरतही होत्या.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. ‘माझे शून्य टक्के आलेत’ असं आनंदाने सांगणारे मला भेटतात. प्रबंध युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टात टाइप झालेला असला, तर सॉफ्टवेअरला त्यात मराठी शब्द दिसतच नाहीत, नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ते शून्य म्हणजे तपासणी झालेलीच नाही.

यानंतरचं काम सोपं होतं असं नाही. गाईड सरांना सांगायचं होतं. ‘सरांना काय तोंड दाखवू?’ हे त्या भेटीत पुनःपुन्हा आलं. आम्ही ते बोलणं इथे बसून बोलून बघितलं, मी सर झाले. पहिल्या वेळी त्यांनी आईच्या आजारपणापासून सुरुवात केली आणि मुद्द्यावर आल्याच नाहीत. शेवटी तीन वाक्यं ठरली: दुसऱ्या प्रकरणात अमुक पानं पुन्हा लिहायला हवीत, चौथ्यात दोन पानांना स्रोत दिलेला नाही, मला दुरुस्तीला वेळ हवा आहे. सर रागावले. ते रागावणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. मग म्हणाले, स्मरणिकेचा उतारा अवतरण म्हणून ठेवा, भाषांतर तुमचं आहे असं तळटीपेत लिहा, आणि सबमिशन पुढे ढकला.

घरी नवऱ्याने लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवला होता. मला ते पटलं नाही. दुसऱ्याने लावलेलं कुलूप उघडलं की पुन्हा तेच सुरू होतं, आणि दिवसा काम करायला लॅपटॉप हवाच. आम्ही वेगळं ठरवलं: फुकटच्या साइट बंद, तपासणी एकदाच, ती पुनर्लेखन पूर्ण झाल्यावर, कॉलेजच्या लायब्ररीतून. रात्री तपासावंसं वाटलं तर वाटू द्यायचं, किती वाजता वाटलं ते वहीत लिहायचं आणि पडून राहायचं. सुरुवातीच्या पानांवर रात्रीच्या वेळांची रांग होती. पुढे ती विरळ झाली, गेली मात्र नाही.

दुसऱ्या प्रकरणाचं पुनर्लेखन अडलं होतं. मूळ वाक्य समोर असलं की पेन त्याच वळणावर जायचं. मी म्हटलं, पुस्तक मिटा आणि यात काय म्हटलंय ते मला मराठीत सांगा, मी समाजशास्त्र शिकलेले नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावलं. एका अभ्यासकाचं म्हणणं त्यांनी पाच-सहा मिनिटांत मस्त समजावलं, वर ‘पण हे परळच्या बायकांना लागू पडत नाही’ असं म्हणून कारणही सांगितलं. ते कारण प्रबंधात कुठेच नव्हतं. घरी जाऊन त्यांनी रेकॉर्डिंग ऐकत इंग्रजीत लिहिलं, मग मूळ पुस्तक उघडून ताडून पाहिलं, आणि जिथे शब्द जसेच्या तसे हवे होते तिथे अवतरण दिलं. आख्खं प्रकरण असंच झालं. वह्यांतली जी वाक्यं कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, ती त्यांनी काढून टाकली.

लायब्ररीचा रिपोर्ट आला तेव्हा कॉलेजमधूनच फोन केला. नऊ टक्के. मी अभिनंदन म्हणते न म्हणते तोच पुढचा प्रश्न, ‘व्हायवाला बाहेरचे परीक्षक कोण येणार ते आधी कळतं का?’ म्हटलं, हे सरांना विचारा, आणि या वेळी पहिल्याच आठवड्यात विचारा.