देणगीच्या पैशातून जागा आधीच घेतली तर?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ज्येष्ठांच्या केंद्रासाठी आमच्या संस्थेने ड्रायक्लीनिंगचे एक जुने दुकान पाहिले असून ते पाडून नवी इमारत बांधायची आहे. फेडरल सरकारच्या सामुदायिक विकास अनुदानासाठी आम्ही काउंटीकडे अर्ज केला आहे. पर्यावरण तपासणी अजून झालेली नाही आणि मालक मात्र घाई करतो आहे. देणग्यांच्या पैशातून व्यवहार उरकून पाडकाम सुरू केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि कळकळीची विनंती आहे की तसे करू नका. अर्ज केल्यानंतर, तपासणी पूर्ण होऊन निधी खुला करण्याची मंजुरी मिळेपर्यंत, पर्यायी जागेचा विचारच खुंटेल असा कोणताही खर्च करण्यास या अनुदानाचे नियम मनाई करतात, मग तो पैसा अनुदानाचा असो वा तुमच्या देणगीदारांचा. खरेदी आणि पाडकाम ही दोन्ही त्यातच मोडतात. घाईपायी अख्खे अनुदान हातचे जाऊ शकते.

तुमच्या जागेबाबत तर ही तपासणी फारच महत्त्वाची आहे. ड्रायक्लीनिंगमध्ये वर्षानुवर्षे परक्लोरोइथिलीन हे द्रावण वापरले गेले. अशाच एका बंद दुकानात यंत्राखालच्या फरशीला गेलेले तडे आणि शेजारची सांडपाण्याची मोरी मी पाहिली आहे. तिथून झिरपलेले द्रावण मातीत मुरते आणि त्याची वाफ पुढे नव्या इमारतीतही शिरते. तिथे रोज बसणार आहेत ते आपलेच आईवडील. पूररेषा, रस्त्याचा गोंगाट आणि इमारतीचे ऐतिहासिक मूल्य हेही तपासले जाते.

मालकाला थांबवण्याचा मार्ग नियमांतच आहे. किमतीच्या मानाने नाममात्र रक्कम देऊन खरेदीचा हक्क राखून ठेवणारा करार करता येतो. मात्र तपासणीनंतर जागा योग्य ठरली तरच खरेदी होईल, ही अट त्यात स्पष्ट हवी. सही करण्यापूर्वी मसुदा काउंटीला दाखवा, कारण तपासणीची कायदेशीर जबाबदारी बहुधा तिचीच असेल.

पर्यावरणावर लक्षणीय परिणाम नाही असा निष्कर्ष निघाल्यास जाहीर सूचना निघते. लोकांच्या हरकतींसाठी साधारण १५ दिवस आणि त्यानंतर निधी खुला करण्याची मंजुरी देणाऱ्या फेडरल गृहनिर्माण खात्याकडे आणखी १५ दिवस, एवढा अवधी मालकाशी बोलताना धरूनच चाला. माती तपासण्याचा वेळ वेगळा. दुकानाचे जुने परवाने आणि द्रावण खरेदीच्या पावत्या मालकाकडे असतील, तर त्या आताच मागून घ्या.