ग्वाल्हेरमध्ये गाणं ऐकायला कुठे जायचं? आधी हॉल शोधणं सोडा

प्रश्न असा आहे: 'युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर ठरवलंय. पण तिथे आता खरंच काही ऐकायला मिळतं, की नुसतं नाव उरलंय? डिसेंबरमध्ये पुण्याहून तीन दिवसांसाठी येतोय. कार्यक्रम कोणत्या हॉलमध्ये होतात?'

'नुसतं नाव उरलंय' हे मी पंचवीस वर्षं ऐकतोय, तेही घरातल्या माणसाकडून. माझे थोरले मेहुणे पुण्याचे. सवाई गंधर्व महोत्सव सहसा न चुकवणारे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे आले की पहिला घास पोटात जायच्या आत विषय निघतो: तुमचं गाणं केव्हाच महाराष्ट्रात आलं, तुमच्याकडे आता संग्रहालय राहिलंय. तुम्हाला उत्तर देताना थोडं त्यांनाही देतोय, चालवून घ्या.

गाणं, म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल, तिकडे गेलं हे खरंच आहे. पण ते आपोआप वाहत गेलं नाही. इथले गवई हस्सू खाँ यांनी वासुदेवबुवा जोशींना शिकवलं, वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना, आणि बाळकृष्णबुवांनी मिरजेत विष्णू दिगंबर पलुस्करांना. प्रत्येक वेळी कुणीतरी घर सोडून गुरूच्या दारात जाऊन बसलं, म्हणून ते पोचलं. आणि ज्यांनी सवाई सुरू केला ते भीमसेन जोशी लहानपणी गाण्यासाठी घरातून पळाले तेव्हा ग्वाल्हेरलाच आले होते. सरोदवादक हाफिज अली खाँच्या मदतीने ते इथल्या माधव संगीत विद्यालयात शिकले. हे सांगितलं की मेहुणे पाणी मागतात.

आता २०११ चा डिसेंबर सांगतो. दाणाओळीच्या बाजूला एका जुन्या वाड्यात एक वयस्कर गवई आपल्या गुरूंच्या पुण्यतिथीला बैठक करत. नाव देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मेहुणे आलेले होते, मी त्यांना ओढूनच नेलं. माडीवरची खोली, जाजम, कोपऱ्यात सिगडी, फार तर तीस माणसं. मेहुण्यांनी जिना चढतानाच विचारलं, "एवढीच?"

दुसऱ्या तंबोऱ्याला बसणारा शिष्य झाशीहून यायचा होता. धुक्यामुळे गाडी वाटेतच अडकली. बुवा पाऊण तास थांबले. तेवढ्यात तारा उतरत होत्या आणि ते पुन्हा पुन्हा खुंट्या पिळत होते, मणी सरकवत होते, घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा, ज्याने तारेला गुंजन येतं, केसभर पुढे-मागे करून कान लावत होते. शेवटी त्यांनी पहिल्या रांगेत बघितलं आणि मेहुण्यांना म्हणाले, "पाहुणे, या इकडे. तार छेडता येते ना?"

चाळीस वर्षं गाणं ऐकणारा माणूस, नाही कसं म्हणणार? जाऊन बसले. बुवांच्या डाव्या खांद्याच्या मागे, हातभर अंतरावर. दोन मिनिटांतच बुवांनी मान वळवून खूण केली, घड्याळ काढा. धातूचा पट्टा तंबोऱ्याच्या लाकडाला लागत होता आणि आम्हा कुणाला ऐकू न येणारा तो आवाज त्यांना ऐकू येत होता.

मग राग हमीर. विलंबित तिलवाडा तालात, माईक नाही. ग्वाल्हेरचा ख्याल पहिल्या मिनिटापासून उघड्या गळ्याने येतो, बंदिश आधी पूर्ण मांडली जाते, स्थायी-अंतरा हे तिचे दोन्ही भाग भरून. हळूहळू दारं उघडत बसत नाहीत. वरच्या षड्जापासून सरळ खाली आलेली सपाट तान भिंतीला लागून परत आली तेव्हा सिगडीशेजारी बसलेला मुलगा दचकला, हे मी पाहिलंय. मेहुण्यांची बोटं चालूच होती, मधलं एकदा, मग तर्जनी तीनदा. पावणेदोन तास. हमीरनंतर खमाज रागातला टप्पा, म्हणजे झपाट्याच्या तानांचा गानप्रकार, झाला तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं लाल झाली होती.

घरी येऊन गरम पाण्यात हात बुडवून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तानेआधी श्वास कुठे घेतात ते मी आजवर कधी ऐकलंच नव्हतं." एवढंच. मला वाटलं, वाद मिटला. पुढच्याच वर्षी एका लग्नात, पंगतीत, चारचौघांसमोर पुन्हा तेच, 'ग्वाल्हेरला काय, संग्रहालय आहे'. ते मला फार लागलं, अजून लागतं.

म्हणून माझं म्हणणं हे की ख्याल ही खोलीतली चीज आहे. हजारोंच्या मांडवात आवाज पोचतो, श्वास पोचत नाही. श्रोते किती यावरून शहरात गाणं आहे की नाही हे ठरवणाऱ्याने गाणं मोजलंय, ऐकलेलं नाही.

आता तुमचं. डिसेंबर म्हणजे तानसेन समारोह, तारखा मागेपुढे होतात, त्या बघून तिकीट काढा. १९२४ पासूनचा आहे, प्रवेश फुकट, शहरातल्या हजीरा भागात, सूफी संत मोहम्मद घौस आणि तानसेन यांच्या मकबऱ्यापाशी. सगळे रात्रीच्या सभांना जातात. तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी जा. ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, म्हणजे कीर्तन, आणि त्यासोबत मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, एकाच जागी, एकाच सकाळी. शेवटची सकाळची सभा तानसेनांच्या गावी, बेहटला होते, तुमच्या तीन दिवसांत बसली तर तीही सोडू नका. जीवाजीगंजातलं सरोद घर, म्हणजे हाफिज अली खाँचं घर, हे मात्र खरोखरच संग्रहालय आहे आणि चांगलं आहे. १९१८ मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या आखणीनुसार सुरू झालेल्या माधव संगीत महाविद्यालयात संध्याकाळी डोकावा. वर्ग चालू असले तर मुलांचे अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पाठ, रस्त्यावर ऐकू येतात. हॉलचं विचारलंत, तर हॉल आहेत, पण त्यासाठी पुणं सोडायची गरज नाही.

सवाईवर माझा राग नाही. दोनदा गेलोय, तिथले श्रोते शिस्तीचे आहेत, आमच्याकडे समारोहात लोक गाणं चालू असताना उठून चहाला जातात. आमची शिकलेली मुलं पोटासाठी पुणं-दिल्ली गाठतात, हेही मेहुण्यांचं बरोबर आहे. आणि बैठकांची जाहिरात नसते, तीन दिवसांत एखादी सापडेलच असं नाही. लष्करातल्या कुठल्याही गाणं शिकवणाऱ्याच्या घरी सरळ जाऊन विचारा. पुण्याहून ऐकायला आलोय म्हटल्यावर कुणी दारातून परत पाठवणार नाही.

गाड्या धुक्यात सहज पाच-सहा तास उशिरा येतात, त्यामुळे समारोहाच्या आदल्या दिवशीच पोचा. कानटोपी आणि जाड शाल हवीच. आणि बैठकीत कुणी तंबोरा पुढे केला तर नाही म्हणू नका. बसायच्या आधी घड्याळ तेवढं काढून ठेवा.