पिकअपचा दम नेमका कुठं गेला?

वाचकांचे प्रश्न : वाहन व यंत्र

प्रश्न : जुन्या पिकअपला अडीच लिटरचं इंजिन होतं. नव्या गाडीचं दोन लिटरच्याही आत आहे, पण कागदावर ताकद जास्त. तरी चिपळूणहून माल भरून कुंभार्ली घाट चढताना अवघड वळणावर ती मरगळते. जुनी गाडी तिथं दुसऱ्या गिअरवर सहज निघून जायची. इंजिनात खोट आहे का?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : बहुतेक खोट नाही. उदाहरणादाखल इसुझू व्ही-क्रॉसचे आकडे बघा. आधीचं २४९९ सीसीचं इंजिन १३६ पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, द्यायचं, तेही १८०० ते २८०० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे). नंतरचं १८९८ सीसीचं १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर देतं, पण २००० ते २५०० मध्ये. ओढ वाढली, मात्र ती पूर्ण मिळण्याचा पट्टा हजारावरून पाचशेवर आला आणि सुरूही दोनशे आरपीएम उशिरा होतो. शोरूममध्ये १६३ चा आकडा ठळक सांगतात. पट्ट्याचं कुणी बोलत नाही.

छोट्या इंजिनाची बरीचशी ताकद टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूनं फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याची असते. वळणावर आरपीएमचा काटा १२०० वर आला की टर्बो जोरात फिरवण्याइतका गरम वायू एक्झॉस्टमधून येत नाही. मग उरतो तो नुसता सिलिंडरचा आकार, आणि तो वरच्या उदाहरणात २४ टक्क्यांनी कमी आहे. तुमची जुनी गाडी दुसऱ्यावर निघायची ती याच जोरावर.

नव्या गाड्यांना पाचाऐवजी सहा गिअर येतात ते यासाठीच. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.० आणि तिसऱ्याचं १.३ आहे. ३००० वर दुसऱ्यातून तिसरा टाकला तर काटा १९५० वर पडतो, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. तिसरा १.५ चा असेल तर २२५० वर थांबतो. गिअर जवळजवळ आहेत, तेव्हा ते वापरायला हवेत. वळणात शिरायच्या आधीच खालचा गिअर टाका, वळणात नव्हे. भरल्या गाडीत चढावर काटा १८०० च्या खाली जाऊ लागला की गिअर उतरवा. कमी आरपीएमवर एक्सलेटर दाबून ओढत नेलं तर डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते आणि बेअरिंगवर भार येतो. इंजिन ओरडतंय म्हणजे डिझेल उडतंय, हा समज इथं महागात पडतो.

काटा २००० च्या वर असूनही ओढ नसेल तर मात्र तपासणी करा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) होजवर, विशेषतः क्लॅम्पजवळ, ताजा तेलकट ओघळ किंवा चीर आहे का? एअर फिल्टर तुंबलाय का? चौथ्या गिअरवर चढाला दाबल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट घसरतेय. तिथं इंजिनाला दोष देऊ नका.

प्रश्न : दूध संकलनाची बीएस-६ पिकअप आहे. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, दिवा सारखा लागतो, मग गाडी वेगच घेत नाही. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. मेस्त्री म्हणतात, डीपीएफ काढून पाइप टाकू.
— वाचक, दहिवडी

उत्तर : काढू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय ईसीयूला (इंजिन चालवणारा संगणक) फसवायला दाबाच्या आणि तापमानाच्या सेन्सरचे खोटे आकडे द्यावे लागतात, आणि पुढं खरा बिघाड झाला तरी तो दिसत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. डिझेल गाड्यांत काजळी अडवायला डीपीएफ नावाची जाळी बसली. साठलेली काजळी जाळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ते आणण्यासाठी ईसीयू जादा डिझेल उशिरा सोडतो. तुमची गाडी दर दोन-तीन किलोमीटरवर थांबते, कॅन चढेपर्यंत आयडलवर राहते किंवा बंद होते. जळण्याचं काम अर्धवट राहतं आणि उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर वाढलेलं ऑइल म्हणजे हेच डिझेल. पातळी वरच्या खुणेच्या पुढं गेली असेल तर गाडी पळवू नका, आधी ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलनं टर्बोचं बेअरिंग जातं. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, कमी राख सोडणारंच हवं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही.

संकलन संपल्यावर आठवड्यातून एक-दोनदा मोकळ्या रस्त्यावर २०-२५ मिनिटं, २००० आरपीएमच्या वर, न थांबता चालवा. आयडल नेहमीपेक्षा चढा, पंखा जोरात आणि गरम वास येत असेल तर जळण चालू आहे. इंजिन बंद करू नका. आणि त्या वेळी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, पेट घेईल. दिवा लुकलुकू लागला किंवा ताकद तुटली, तर स्कॅनर लावून वर्कशॉपमध्येच जाळणी करून घ्या. त्यानंतरही लगेच दिवा आला तर गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) आणि डीपीएफच्या दाब-सेन्सरच्या नळ्या तपासायला सांगा. नुसती जाळी धुऊन भागत नाही.

प्रश्न : टोयोटा हायलक्सच्या मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर असं का? इंजिन तर एकच.
— वाचक, वाई

उत्तर : हो, इंजिन एकच, २७५५ सीसीचं, २०४ पीएसचं. क्लच आणि मॅन्युअल गिअरबॉक्स जितकं पेलेल तितकाच टॉर्क ईसीयू सोडतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो निघताना टॉर्क आणखी वाढवतो आणि झटकाही पचवतो. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून, मॅन्युअलचा आकडा वाढवणाऱ्यांचा क्लच आधी जातो. पसरणी घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी 'डी'वर सोडू नका. मॅन्युअल मोडवर खालचा गिअर धरा, नाहीतर पाचगणीहून वाईला पोचेपर्यंत ब्रेक तापलेले असतील.

प्रश्न : ओढ वाढवायला डिफरन्शियलचे दात बदलले तर?
— वाचक, कराड

उत्तर : फायदा होतो, पण हिशेब करून. ४३/१० चा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान दातचाकांची जोडी) म्हणजे ४.३, त्याजागी ४१/९ टाकला तर ४.५६. चाकाला सुमारे ६ टक्के जादा टॉर्क मिळतो आणि महामार्गावर २२०० ऐवजी २३३० आरपीएम फिरतो, डिझेलही थोडं जास्त लागतं. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात, नाहीतर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आवळतो. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर तो वेग जास्त दाखवेल. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवरच लावून घ्या. अंदाजानं बसवलेला जोड काही दिवसांतच ओरडू लागतो.

त्याआधी टायर बघा. दिसायला भारी म्हणून मोठे टायर टाकले असतील आणि त्यांचा घेर ६ टक्क्यांनी वाढला असेल, तर ओढ तिथंच गेली आहे. मूळ मापाचे टायर परत लावा. डिफरन्शियल उघडायची गरज नाही.